व्हर्च्युअल टूरचं काम पहिल्यांदा घेताय? घर दाखवण्याआधी घरापर्यंतची वाट दाखवा

रत्नागिरी जिल्ह्यात मी होमस्टे, मंगल कार्यालयं आणि दवाखान्यांचे ३६० अंशांचे टूर करतो, म्हणजे मोबाईलवर बोटाने चहूकडे फिरवून बघता येणारे, बाणांनी एकमेकांना जोडलेले फोटो. आधी लग्नाचे फोटो काढत होतो, त्यामुळे कॅमेरा हातात बसलेला होता. पण पहिल्या कामाला मला एकाच घरी तीनदा जावं लागलं. गुहागरकडचं जुनं चिऱ्याचं घर, पडवीत पितळी कड्यांचा झोपाळा. पहिल्या खेपेला झोपाळा मंद हलत राहिला आणि टूरमध्ये त्याची फळी मधोमध तुटून दोन वेगळ्या उंचीवर लटकलेली दिसली. दुसऱ्या खेपेला आरशात मी होतो. तिसऱ्यांदा सगळं नीट जमलं, तेव्हा मालक काका मोबाईलवर टूर फिरवून शांतपणे म्हणाले, "सगळं छान आहे रे, पण मला पाहुण्यांचा पहिला फोन येतो तो 'गाडी दारापर्यंत येते का' हे विचारायला. ते कुठे आहे यात?"

त्यांचं बरोबर होतं. माझा टूर थेट ओटीवरून सुरू होत होता. आता मी कामाची सुरुवात त्या प्रश्नापासून करतो. नव्याने या कामात येणाऱ्याला माझ्यासारख्या खेपा पडू नयेत म्हणून सगळे टप्पे इथे सविस्तर लिहितोय.

१. कॅमेरा गाडीतच ठेवा, आधी पाहुण्यासारखं चालून या

मालकाला विचारा: लोक फोनवर सगळ्यात जास्त काय विचारतात? होमस्टेत प्रश्न असतात गाडी कुठे लावायची, संडास घरात की बाहेर, आजीला किती पायऱ्या चढाव्या लागतील. मंगल कार्यालयात विचारतात की वधूपक्षाची खोली आणि स्टेज किती लांब, पंगत कुठे बसते, आचाऱ्याला पाणी कुठून. दवाखान्यात व्हीलचेअर आत जाते का. हे प्रश्न वहीत लिहा आणि रस्त्यापासून चालत या. ज्या ज्या जागी उत्तर डोळ्यांना दिसतं, ती तुमची कॅमेरा लावायची जागा. आम्ही त्याला 'बिंदू' म्हणतो.

आत दोन बिंदूंमध्ये साधारण दोन ते तीन मीटर अंतर पुरतं. अंगणात जास्त चालतं. एक नियम मात्र मोडू नका: प्रत्येक बिंदूवरून पुढचा बिंदू दिसला पाहिजे. ओटीवरून माजघरात जायचं असेल तर एक बिंदू उंबऱ्याजवळ हवाच. नाहीतर बघणारा भिंतीतून उडी मारल्यासारखा पलीकडे पोहोचतो आणि आपण घरात कुठे आहोत हे त्याला कळत नाही. कागदावर घराचा ओबडधोबड नकाशा काढून बिंदूंना आकडे द्या. फायलींना पुढे हेच आकडे द्यायचे आहेत.

२. कॅमेरा लगेच विकत घेऊ नका

दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे एका क्लिकमध्ये काम करणारे दोन भिंगांचे कॅमेरे: रिको थीटा झेड१, थीटा एक्स, इन्स्टा३६० ची एक्स मालिका. दुसरा म्हणजे डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, फिशआय लेन्स (खूप रुंद दृश्य टिपणारं भिंग) आणि पॅनो हेड (कॅमेरा एकाच जागी फिरवायची बैठक). यात फोटो फिरवून फिरवून काढायचे आणि नंतर शिवायचे, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांना जोडायचे.

मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. ३६० चा फोटो म्हणजे एक लांब पट्टी असते, रुंदी उंचीच्या दुप्पट, कारण आडवे ३६० अंश आणि उभे १८०. थीटा झेड१ चा फोटो ६७२० बाय ३३६० पिक्सेलचा येतो. म्हणजे एका अंशाला जेमतेम साडेअठरा पिक्सेल. बघणाऱ्याला एका वेळी ९० अंश दिसत असतील तर त्याच्यासमोर फक्त १६८० पिक्सेल आहेत. काही कॅमेरे ७२ मेगापिक्सेल सांगतात, पण त्यांचा सेन्सर लहान असतो. कौलारू घराच्या काळोख्या माजघरात त्या फोटोला दाणे येतात. झेड१ चे सेन्सर एक इंची आहेत, म्हणून आकडा कमी असूनही अंधाऱ्या खोलीत मला तोच बरा वाटतो.

माझा सल्ला: पुण्या-मुंबईत कॅमेरे भाड्याने मिळतात. दोन दिवस आणा, स्वतःच्या घराचा पूर्ण टूर करा, मोबाईलवर बघा, मग ठरवा. डीएसएलआर आधीच असेल तर फक्त पॅनो हेड आणि फिशआय घेऊन सगळ्यात स्वच्छ फोटो मिळतो, पण प्रत्येक बिंदूला वेळ तिप्पट लागतो. मॅटरपोर्टसारख्या कॅमेऱ्यांतून घराचा बाहुलीघरासारखा त्रिमितीय आराखडा मिळतो. फ्लॅट विकणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, होमस्टेवाल्याला फारसा नाही.

बॅगेत याही वस्तू हव्यात:

– बारीक पायांचा मोनोपॉड किंवा लाइट स्टँड (जाड ट्रायपॉड खाली मोठा डाग सोडतो), आणि वाऱ्यासाठी त्याला अडकवायची वाळूची पिशवी
– लेव्हलचा छोटा बुडबुडा
– दोन जास्तीच्या बॅटऱ्या, पॉवर बँक, दोन मेमरी कार्डं
– मायक्रोफायबर कापड: ३६० च्या भिंगावर बोटाचा एक ठसा अख्ख्या खोलीत धुकं आणतो
– सारख्या रंगाचे चार एलईडी बल्ब
– खडू आणि पुसायचं फडकं, बिंदूंच्या खुणांसाठी
– सिलिका जेल आणि हवाबंद डबा. कोकणात राहात असाल तर ही चैन नाही. एका पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते.

३. कागद आधी, क्लिक नंतर

या टप्प्यावर सगळ्यात जास्त लोक घसरतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

स्वतःच्या व्यवसायासाठी आधार, पॅन आणि बँकेचं चालू खातं हाताशी ठेवा, आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंद) करून घ्या. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. तिचे पैसे मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे मोजकेच कामगार असतील तर नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची पावती जपून ठेवा, चालू खातं उघडताना बँक मागते. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं हा गुन्हा आहे. बिल भारदस्त दिसावं म्हणून कुणी तसं सुचवलं तर ऐकू नका.

आता गिऱ्हाइकाशी करायचा करार. दोन पानं पुरतात, पण हे मुद्दे त्यात असलेच पाहिजेत:

– किती बिंदू, कुठल्या तारखेला, किती दिवसांत टूर मिळणार
– टूर कुठल्या सर्व्हरवर राहणार, त्याचं वार्षिक भाडं कोण भरणार, नाही भरलं तर काय
– पुन्हा यावं लागलं तर खर्च कुणाचा: माझ्या चुकीने असेल तर माझा, खोली तयार नसेल तर मालकाचा
– फोटोंचा मालक कोण

शेवटचा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. म्हणजे तुम्हीच काढलेला टूर स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवायलाही परवानगी लागू शकते. म्हणून 'नमुना म्हणून दाखवण्याचा हक्क छायाचित्रकाराकडे राहील' हे एक वाक्य लिहून घ्या.

किल्ले आणि लेण्यांकडे मन ओढ घेतं, मला कळतं. पण संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावून व्यावसायिक फोटो काढायचे तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. केंद्राची वास्तू असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, राज्याची असेल तर राज्याच्या संचालनालयाची. दारावरच्या रखवालदाराने 'काढा हो' म्हटलं ती परवानगी नव्हे. बिल्डरचं सॅम्पल फ्लॅटचं काम असेल तर महारेराचा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक पहिल्या पडद्यावर टाका. टूर ही जाहिरातच असते, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पाच्या जाहिरातींत क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे.

४. आदल्या दिवशी मालकांना फोन

३६० मध्ये 'कॅमेऱ्यामागे' अशी जागाच नसते. सामान कोपऱ्यात सारून ठेवायची लग्नातली सवय इथे उपयोगाची नाही. मी आदल्या संध्याकाळी फोन करून सांगतो: उद्या सगळे बल्ब चालू हवेत आणि एकाच रंगाचे हवेत, पंखे बंद, दोरीवरचे कपडे आत, गाद्यांवर धुतलेल्या चादरी, कुत्रा बांधलेला.

आणि एक गोष्ट आवर्जून: घरातल्या खाजगी वस्तू. औषधांच्या बाटल्या, भिंतीवरचं कॅलेंडर ज्यावर दुधाचा हिशेब आणि फोन नंबर लिहिलेत, चिठ्ठ्या लावून खुंटीला टांगलेल्या किल्ल्या, मुलांचे शाळेच्या नावासकटचे फोटो. बघणारा हे सगळं झूम करून वाचू शकतो. देवघर दाखवायचं की नाही हे घरातल्या बाईमाणसाला विचारा. मालक 'हो' म्हणाले तरी तिला विचारा.

५. प्रत्यक्ष शूट

उजेड. खिडकीबाहेर कडक ऊन आणि आत काळोख ही आपल्याकडच्या घरांची नेहमीची अडचण. एका फोटोत दोन्ही मावत नाही. म्हणून ब्रॅकेटिंग: एकाच जागेवरून पाच फोटो, प्रत्येकात दोन स्टॉपचा फरक (म्हणजे उजेड चौपट कमी-जास्त), नंतर एकत्र करायचे. पश्चिमेला तोंड असलेल्या खोल्या सकाळी घ्या, पूर्वेच्या दुपारनंतर. घराचा दर्शनी फोटो सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत घ्या. आकाश निळं असतं आणि ओटीवरचा दिवा पिवळा दिसतो. ही वेळ रोज एकदाच येते, तेव्हा कॅमेरा आधीच लावून तयार राहा.

ट्यूब आणि स्वस्त एलईडी खाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, किंवा त्याहून हळू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर त्याहून वेगवान ठेवलं तर भिंतीवर आडवे पट्टे उमटतात.

उंची. भिंग जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर, आणि सगळ्या बिंदूंना तीच उंची. मध्येच बदललीत तर बघणाऱ्याला आपण खड्ड्यात उतरलो असं वाटतं. ठेंगण्या माजघरात अख्खा टूरच थोडा खाली घ्या.

शिवण. दोन भिंगांचे फोटो जिथे जुळतात ती रेघ कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना असते, आणि मीटरभराच्या आतली वस्तू त्या रेघेवर आली की तुटते. अरुंद बोळात भिंगं भिंतींकडे वळवा म्हणजे शिवण लांबच्या दिशेला जाईल. माझा झोपाळा तुटला तो याच दोन कारणांनी: तो शिवणीवर होता आणि हलत होता. आता मी झोपाळ्याखाली दोन पाट रचून तो टेकवतो, फोटो झाला की काढतो.

डीएसएलआरने काढणाऱ्यांसाठी: कॅमेरा ज्या आसाभोवती फिरतो तो भिंगातल्या एका नेमक्या जागेतून जायला हवा, त्या जागेला नोडल पॉइंट म्हणतात. एक डोळा मिटून अंगठा खिडकीच्या गजासमोर धरा आणि मान फिरवा. अंगठा गजावरून सरकतो ना? कॅमेरा फिरवल्यावर जवळची काठी आणि लांबचा खांब असे एकमेकांवरून सरकता कामा नयेत. सरकणं थांबेपर्यंत पॅनो हेडची पट्टी पुढेमागे करा आणि त्या जागेवर कायमची खूण करा. अर्धा दिवस जाईल, पण एकदाच.

आरसा. यावर मी सगळ्यात जास्त डोकं खपवलं आणि उत्तर शाळेतल्या भूमितीत सापडलं. कॅमेऱ्यापासून आरशाच्या पातळीवर काटकोनात रेघ काढा. ती रेघ आरशाच्या चौकटीत पडत असेल तरच कॅमेरा स्वतःला त्यात दिसतो. म्हणून न्हाणीघरात आरशाच्या सरळ समोर न लावता चौकटीच्या रुंदीबाहेर, वीतभर बाजूला लावा. कपाटाच्या काचा आणि बंद टीव्हीलाही हाच नियम. तुम्ही स्वतः मात्र दुसऱ्या खोलीत जा, फोनवरून क्लिक करा, आणि सोबत आलेल्या सगळ्यांना घेऊन जा.

निघण्याआधी प्रत्येक बिंदूचा फोटो जागेवरच झूम करून बघा. घरी येऊन बघितलात तर पुन्हा तीस किलोमीटर.

६. शिवणं आणि साफसफाई

दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांसोबत त्यांचं सॉफ्टवेअर येतं. डीएसएलआरसाठी पीटीगुई हे व्यावसायिकांचं नेहमीचं साधन, ह्यूगिन मोफत आहे आणि शिकायला पुरेसं आहे. स्टँडचे पाय खाली दिसतात, तिथे फरशीचा तुकडा चिकटवा किंवा लहानसा गोल शिक्का ठेवा. शिक्का मालकाच्या घराचा ठेवा, तुमचा नको.

रंग भडक करू नका. भिंतीला ओल असेल तर ती पुसूनही टाकू नका. एका मालकांनी मला विहिरीशेजारची पडकी भिंत 'काढून टाका' म्हणून सांगितलं. मी नकार दिला आणि त्यांना समजावलं की पाहुणा ती भिंत आल्यावर बघणारच आहे, आणि मग बाकीचा टूरही त्याला खोटा वाटेल. रस्त्यावरची गाडीची नंबर प्लेट आणि अनोळखी माणसांचे चेहरे मात्र जरूर धूसर करा.

७. टूर जोडणं

कुउला, थ्रीडी व्हिस्टा, पॅनो२व्हीआर ही तयार साधनं आहेत. पॅनेलम आणि मार्झिपानो मोफत आहेत, पण स्वतःचा सर्व्हर लागतो. निवडताना एकच विचारा: मी उद्या पैसे भरायचं थांबवलं तर टूर राहील का? महिन्याच्या भाड्यावर चालणाऱ्या साधनांत तो जातो, आणि मालकाचा फोन तुम्हालाच येतो.

टूर चांगला की वाईट हे 'पहिली नजर' ठरवते. ओटीवरून माजघरात गेल्यावर नजर चालण्याच्या दिशेनेच पुढे राहिली पाहिजे. बहुतेक साधनं आपोआप एक ठरावीक दिशा धरतात, मग बघणारा दारातून आत येतो आणि त्याला पाठीमागची भिंत दिसते. प्रत्येक बाण दोन्ही बाजूंनी दाबून बघा. तीस बिंदूंच्या टूरला यात दोन तास जातात. जाऊ द्या. सुरुवातीचा बिंदू रस्त्यावरचा ठेवा, जिथे गाडी वळते तिथला. पार्श्वसंगीत टाकू नका.

८. गूगल मॅप्सवर चढवताना

जुलै २०२२ मध्ये भारतात स्ट्रीट व्ह्यू (मॅप्सवर रस्त्यांचे ३६० फोटो दाखवणारी गूगलची सोय) दहा शहरांत पुन्हा सुरू झालं, त्यात आपल्याकडची मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं. पण त्याचे फोटो काढणारी गाडी रस्त्यावरून जाते. फाटकाच्या आतलं तुम्हालाच दाखवावं लागतं.

फोटो किमान ३८४० बाय १९२० पिक्सेलचा, रुंदी-उंची नेमकी २:१, आणि ७५ एमबीच्या आत हवा. जुने व्हिडिओ बघून स्ट्रीट व्ह्यूचं वेगळं अ‍ॅप शोधत बसू नका, ते मार्च २०२३ मध्ये बंद झालं. सुटे फोटो मॅप्समधूनच त्या जागेच्या नोंदीवर चढतात. एकमेकांना जोडलेले बिंदू हवे असतील तर बाहेरचं साधन लागतं.

मोठा सापळा व्हॉट्सअ‍ॅपचा आहे. ३६० च्या फायलीत 'हा गोलाकार फोटो आहे' अशी माहिती लपलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती निघून जाते आणि फोटो लहानही होतो. मग मॅप्सवर तो केळीच्या आकाराचा ताणलेला सपाट फोटो दिसतो. ड्राइव्हची लिंक द्या. माहिती गेलीच असेल तर एक्झिफटूल नावाच्या मोफत साधनाने परत घालता येते.

मालकांना हेही सांगून ठेवा: 'आम्ही गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर नोंद बंद होईल' असे फोन येतात. गूगल असे पैसे मागत नाही, आणि टूर काढणारे छायाचित्रकार गूगलचे नोकर नसतात. तुम्हीही स्वतःची ओळख तशी करून देऊ नका.

९. दर आणि हवाली करणं

दर खोलीवर नको, बिंदूवर लावा. 'तीन खोल्यांचं घर' म्हणून ठरवलं आणि तिथे गेल्यावर नारळाची बाग, गोठा, विहीर निघाली की तोटा ठरलेला. प्रवास वेगळा, वार्षिक सर्व्हर भाडं वेगळं, अर्धे पैसे तारीख ठरवतानाच. कंपनीचं काम असेल तर ते टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापू शकतात. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का हे दर तिमाहीला तपासा.

हवाली करायला स्वतः जा. टूर तुमच्या फोनवर दाखवू नका, मालकांच्या फोनवर, त्यांच्या घरच्या रेंजवर उघडा. तिथे तो अर्ध्या मिनिटात उघडला नाही तर फोटो हलके करून पुन्हा चढवा. क्यूआर कोड छापून द्या आणि पाहुण्यांना पाठवायचा दोन ओळींचा संदेश त्यांच्या फोनमध्येच लिहून ठेवा.

गुहागरच्या काकांकडे मी शेवटी चौथ्यांदा गेलो, फाट्यावरच्या वळणाचा, गाडी लावायच्या जागेचा आणि अकरा पायऱ्यांचा असे तीन बिंदू वाढवायला. हल्ली गाडी दारापर्यंत येते का असं कुणी विचारलं की काका फोन चालू ठेवूनच लिंक पाठवतात आणि म्हणतात, "पहिलाच बाण दाबा."